सस्पेन्शन सिम्युलेशन: शिअर लावला की तापमान चढतं, श्यानता भलतीकडे जाते

सस्पेन्शन म्हणजे द्रवात विखुरलेले बारीक कण. त्यांच्या सिम्युलेशनमध्ये शिअर (द्रवाचे थर एकमेकांवरून सरकवणारा प्रवाह) नसताना तापमान नेमून दिलेल्या आकड्यावर शांत बसलेलं असतं. शिअर लावला की चढू लागतं, आणि शिअर रेट दुप्पट केला की चढ चौपट होते. थर्मोस्टॅट (तापमान नेमल्या आकड्यावर धरणारा कोडचा भाग) आणखी कडक केला तर आकडा खाली येतो खरा, पण कण प्रवाहाच्या दिशेने रांगा लावून बसतात आणि श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, कोसळते. काहींची अडचण वेगळीच: तापमान २० वरून ८० अंश सेल्सिअसवर नेलं तरी श्यानता जागची हलत नाही, क्वचित वाढतेसुद्धा. आणि ज्यांनी उष्णतेचं समीकरण वेगळं जोडलेलं असतं, त्यांचं सिम्युलेशन नेमकं गरम भिंतीपाशी फुटतं.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "टाइम स्टेप कमी करून बघा". कधीकधी तो लागू पडतो. पण बऱ्याचदा दुखणं दुसरीकडेच असतं, कारण अशा कोडमध्ये तापमान एका जागी राहत नाही. कणांच्या वेगांवरून मोजलेलं एक, रँडम बलाच्या (रेणूंच्या धक्क्यांच्या जागी कोड देतो त्या धक्क्यांच्या) जोरात घातलेलं केटी, म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, हे दुसरं, द्रवाची श्यानता ज्या तापमानाला धरून भरली आहे ते तिसरं, आणि उष्णतेचं समीकरण सोडवून प्रत्येक बिंदूवर येणारं चौथं. खऱ्या पाण्यात ही चारही आपोआप एक असतात. कोडमध्ये ती एक ठेवणं हे तुमचं काम आहे आणि कोड त्याबद्दल एका शब्दाने तक्रार करत नाही. म्हणून शोध घ्यायचा तो हाच, की यातलं कोणतं बाकीच्यांपासून सुटलं आहे.

आधी शिअर पूर्ण बंद करा

शिअर शून्य, भिंती एकाच तापमानाला, पेटीत एकच कण. कण किती पसरतो ते मोजा आणि स्टोक्स-आइनस्टाइनच्या सूत्राशी (तापमान, श्यानता आणि कणाच्या आकारावरून पसरण्याचा वेग सांगणारं सूत्र) ताडून पाहा. २५ अंशांच्या पाण्यात १ मायक्रोमीटर व्यासाच्या गोल कणाचा विसरण गुणांक सेकंदाला साधारण ०.४९ चौरस मायक्रोमीटर यायला हवा. तुमची एककं वेगळी असली तरी हा आकडा त्यांत बसवून तपासता येतो.

इथे एक खड्डा आहे. द्रवाचा प्रवाह खरोखर सोडवणाऱ्या पद्धतीत आणि सगळ्या बाजूंनी पुनरावृत्त होणाऱ्या पेटीत हा गुणांक नेहमी कमी येतो, कारण कण स्वतःच्याच प्रतिमांनी ढवळलेल्या द्रवातून जात असतो. घट साधारण २.८४ गुणिले कणाची त्रिज्या भागिले पेटीची बाजू इतकी असते. त्रिज्या पेटीच्या दहाव्या भागाइतकी असेल तर २८ टक्के कमी. ही दुरुस्ती न करता "आपलं केटी कमी पडतंय" असं ठरवून ते वाढवलं, तर सिम्युलेशन पहिल्या पायरीपासूनच ४० टक्क्यांच्या आसपास जास्त गरम चालतं आणि पुढे शिअरला दोष दिला जातो.

ही चाचणी नापास झाली तर पुढचं काहीही वाचू नका. रँडम बल आणि घर्षण यांचा मेळ बसलेला नाही. डीपीडी (डिसिपेटिव्ह पार्टिकल डायनॅमिक्स, द्रवालाच मऊ कणांच्या रूपात मांडणारी पद्धत) पद्धतीत रँडम बलाच्या गुणांकाचा वर्ग म्हणजे घर्षण गुणांक गुणिले केटी याच्या दुप्पट असावा लागतो. एस्पान्योल आणि वॉरन यांनी १९९५ मध्ये हा नियम मांडला. लॅम्प्ससारख्या (LAMMPS) तयार सिम्युलेशन प्रणालीत तापमान आणि घर्षण दिलं की तिसरा आकडा प्रणाली स्वतः काढते. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये मात्र तापमान बदलून रँडम गुणांक जुनाच राहिला, असं सर्रास दिसतं.

थर्मामीटर प्रवाहच मोजतोय का?

शिअर लावल्यावर चढणाऱ्या तापमानाचं सगळ्यात मोठं कारण हे. वेगांवरून तापमान काढताना प्रवाहाचा सरासरी वेग वजा केला नाही, तर संपूर्ण प्रवाहाची गतिज ऊर्जा उष्णता म्हणून मोजली जाते.

किती फरक पडतो ते पाहा. लघुकृत एककांत (कणाचा आकार, वस्तुमान आणि केटी यांनाच १ मानणारी एककं) पेटीची उंची २०, शिअर रेट ०.१ आणि कणाचं वस्तुमान १ धरा. वर-खाली वेगात २ चा फरक. सरळ रेषेत बदलणाऱ्या वेगाचा सरासरीभोवतीचा पसारा म्हणजे या फरकाच्या वर्गाचा बारावा भाग, ०.३३. तीन दिशांत वाटला की तापमानात ०.११ ची फुकटची भर पडते. नेमलेलं १.० असताना १.११ दिसेल. शिअर रेट ०.५ केला तर भर २.८ होते. आता द्रवाचे कण वस्तुमान १ चे आणि सस्पेन्शनचे कण ५० चे असतील, तर त्या जड कणांच्या गटात पहिल्याच उदाहरणात भर साडेपाच येते. "द्रव गार आहे, कण मात्र उकळताहेत" अशी तक्रार ऐकली की मी आधी वस्तुमान विचारतो.

हा आकडा नुसता छापला जात असेल तर नुकसान नाही. थर्मोस्टॅट त्यावर चालत असेल तर मात्र अनर्थ होतो. शिअर रेट ०.५ च्या उदाहरणात त्याला वाटतं तापमान ३.८ आहे, १ वर आणायचं आहे. प्रवाह तर शिअरमुळे टिकून आहे. मग तो कणांची खरी थरथर काढून घेतो आणि सस्पेन्शन आतून गोठतं.

निदान सोपं आहे आणि एकच तपास करायला वेळ असेल तर हाच करा: तिन्ही दिशांचं तापमान वेगवेगळं छापा. प्रवाह क्ष दिशेने, वेगातला बदल य दिशेने असेल, तर झ दिशेला प्रवाह नाही. झ चं तापमान नेमल्याइतकं आणि क्ष चं फुगलेलं असेल तर मोजणीत प्रवाह मिसळला आहे. क्ष फुगलेलं आणि झ नेमल्यापेक्षा बरंच खाली असेल तर थर्मोस्टॅटही फसला आहे. तिन्ही सारखीच चढली असतील तर खरोखर उष्णता साठते आहे. त्याचं पुढे पाहू.

उपाय म्हणून बहुतेक जण सरळ रेषेतला वेग वजा करतात. शिअर मंद असेपर्यंत ते पुरतं. जोरदार शिअरमध्ये प्रत्यक्ष वेग सरळ रेषेत राहत नाही: भिंतीपाशी घसरण होते, कण मधोमध सरकतात, पट्टे पडतात. मग रेषेपासूनचं प्रत्येक विचलन थर्मोस्टॅट उष्णता समजतो आणि दाबून टाकतो. कणांच्या रांगा यातूनच येतात. एर्पेनबेक यांना १९८४ मध्ये साध्या गोलांच्या सिम्युलेशनमध्ये अशा माळा दिसल्या होत्या. १९८६ मध्ये इव्हान्स आणि मॉरिस यांनी दाखवलं की वेगाचा आकार आधीच गृहीत धरणाऱ्या थर्मोस्टॅटची ती करामत आहे. तेव्हा पेटीचे आडवे थर करून प्रत्येक थरातला मोजलेला सरासरी वेग वजा करा, नाहीतर शेजारच्या कणांच्या सापेक्ष वेगावर चालणारा, डीपीडी धाटणीचा थर्मोस्टॅट वापरा. थर फार पातळ केले तर प्रत्येकात मोजकेच कण उरतात आणि त्यांची थरथरच सरासरी म्हणून वजा होते, एवढं ध्यानात असू द्या.

फिरकीचंही तसंच. शिअरमधला मोकळा गोल कण सरासरी शिअर रेटच्या निम्म्या कोनीय वेगाने फिरतो. फिरकीवरून तापमान काढताना हा सरासरी भाग वजा करायला विसरतात.

उष्णता खरोखर किती तयार होते?

तिन्ही दिशा सारख्या तापल्या तर लगेच "व्हिस्कस हीटिंग" (द्रवाच्या अंतर्गत घर्षणाची उष्णता) असं नाव देऊन पुढे जाऊ नका. ती किती असायला हवी हे कागदावर दोन ओळींत निघतं. एकाच तापमानाच्या दोन भिंतींमध्ये मधोमध होणारी वाढ म्हणजे श्यानता गुणिले शिअर रेटचा वर्ग गुणिले अंतराचा वर्ग, भागिले उष्णता वाहकतेच्या आठपट. श्यानता ०.१ पास्कल-सेकंद, शिअर रेट सेकंदाला १००, फट १ मिलिमीटर, वाहकता पाण्याची म्हणजे ०.६ धरली, तर उत्तर एका अंशाचा जेमतेम पाच हजारावा भाग. तुमच्याकडे तापमान १० टक्के चढलं असेल तर त्याचा खऱ्या उष्णतेशी काही संबंध नाही. श्यानता १० आणि शिअर रेट १००० असेल तेव्हा मात्र वाढ २ अंशांच्या आसपास जाते, आणि पाण्यासारख्या द्रवाची श्यानता अंशामागे सुमारे २ टक्क्यांनी उतरते हे धरलं तर ती दुर्लक्षून चालत नाही.

भिंती नसलेल्या, लीस-एडवर्ड्स सीमा (वरच्या-खालच्या प्रतिमा सरकवून शिअर देणाऱ्या) लावलेल्या पेटीत उष्णतेला बाहेर जायला वाटच नसते. तिथे थर्मोस्टॅट बंद असेल तर तापमान चढतच राहणार. तो दोष नव्हे, ऊर्जेचा हिशेब आहे. हिशेब जुळतो का ते पाहा: शिअर स्ट्रेस गुणिले शिअर रेट गुणिले पेटीचं आकारमान एवढी शक्ती आत येते, आणि स्थिर अवस्थेत थर्मोस्टॅटने तेवढीच बाहेर काढायला हवी. बाहेर जास्त निघत असेल तर कुठेतरी आकडेमोडीतून ऊर्जा उगवते आहे. टाइम स्टेप निम्मा करण्याची जागा ही. जादा तापमान साधारण चौथ्या भागावर आलं तर दोष टाइम स्टेपचा होता. हललंच नाही तर कणांमधल्या बलाचा तुटक कटऑफ (ठरावीक अंतरापलीकडे बल एकदम शून्य करणं) किंवा उशिराने ताजी होणारी शेजाऱ्यांची यादी तपासा.

केटी वाढलं, श्यानता तिथेच

८० अंशांचं सिम्युलेशन म्हणजे फक्त केटी वाढवणं, ही समजूत भारी पडते. २० अंश म्हणजे २९३ केल्विन, ८० म्हणजे ३५३. केटी जेमतेम २० टक्के वाढलं. याच पट्ट्यात पाण्याची श्यानता १.००२ वरून ०.३५४ मिलिपास्कल-सेकंदावर येते, म्हणजे जवळपास एक-तृतीयांश. कणांचं विसरण एकूण ३.४ पट वाढतं आणि त्यातला सिंहाचा वाटा श्यानतेचा असतो. केटी बदलून श्यानता तशीच ठेवली तर मोठा परिणाम बाहेर ठेवून किरकोळ परिणाम मोजल्यासारखं होतं.

डीपीडीमध्ये तर उलटाच खेळ आहे. तिथे श्यानता द्रवकणांच्या आपसातल्या क्रियेतून येते, आणि तिचा एक भाग वायूसारखा, कणांच्या भटकण्यातून येणारा असतो. केटी वाढवलं की हा भाग वाढतो. ग्रूट आणि वॉरन यांच्या १९९७ च्या अंदाजसूत्रातही तसंच दिसतं. त्यामुळे "तापवल्यावर सस्पेन्शन घट्ट झालं" हा निकाल डीपीडीत सहज निघतो आणि तो खऱ्या द्रवाबद्दल काहीच सांगत नाही. माझ्या मते डीपीडीत तापमानाचा परिणाम बघायचा असेल तर प्रत्येक तापमानाला घर्षण गुणांक नव्याने ठरवावा, आधी कण न घालता नुसत्या द्रवाची श्यानता मोजून ती हव्या त्या आकड्यावर बसवावी, मगच कण सोडावेत. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा सरळ मार्ग नाही.

श्यानतेचं सूत्र स्वतः भरत असाल तर सरळ रेष वापरू नका. पाण्याच्या २० आणि २५ अंशांवरच्या श्यानतेतून (१.००२ आणि ०.८९०) रेष ओढली तर ती ६५ अंशांच्या आसपास शून्याला टेकते आणि त्यापुढे श्यानता उणे. सिम्युलेशन गरम भिंतीपाशी फुटण्याचं हे अगदी बाळबोध कारण, पण ते सापडतं. पाण्यासाठी एक चांगलं सूत्र असं: केल्विन तापमानातून १४० वजा करा, २४७.८ ला त्याने भागा, १० चा तेवढा घात घ्या आणि ०.०२४१४ ने गुणा. उत्तर मिलिपास्कल-सेकंदात मिळतं.

आणि व्हॉल्यूम फ्रॅक्शन, म्हणजे एकूण आकारमानातला कणांचा वाटा. बंद पेटीत तो स्थिर ठेवतात, पण प्रत्यक्षात पाणी तापल्यावर फुगतं: २० अंशांना घनता ९९८, ८० अंशांना ९७२ किलो प्रति घनमीटर. सिलिकाचे कण त्या मानाने फुगतच नाहीत. म्हणजे ०.५५ चा व्हॉल्यूम फ्रॅक्शन ०.५४३ होतो. किरकोळ वाटतो ना फरक? क्रीगर-डॉहर्टी धाटणीच्या (व्हॉल्यूम फ्रॅक्शनवरून श्यानता देणाऱ्या) सूत्रात कमाल फ्रॅक्शन ०.६४ आणि घातांक २ धरून पाहा: सापेक्ष श्यानता सुमारे ५१ वरून ४४ वर येते. दाट सस्पेन्शनचे प्रयोगाशी न जुळणारे दहा-पंधरा टक्के इथे सापडू शकतात. विरळ असेल तर हा परिच्छेद विसरा.

गरम बाजूला फुटतं तेव्हा

लॅटिस बोल्ट्झमन (द्रवाचा प्रवाह जाळीवर सोडवणारी पद्धत) वापरत असाल तर रिलॅक्सेशन टाइम, म्हणजे तिथे श्यानता ठरवणारा आकडा, गरम टोकाला काढून पाहा. २० अंशांना तो ०.६ ठेवला असेल, तर त्याच जाळीवर आणि त्याच टाइम स्टेपला ८० अंशांच्या पाण्यासाठी तो ०.५३६ होतो. ०.५ ला श्यानता शून्य, म्हणून तिथे साध्या एक-रिलॅक्सेशन पद्धतीचा तोल जातो. गंमत म्हणजे उष्णतेच्या बाजूला हाच प्रश्न गार टोकाला असतो: २० अंशांच्या पाण्याचा प्रांटल अंक (गतिक श्यानता भागिले उष्णतेचा विसरण गुणांक) ७ असल्याने तिथला रिलॅक्सेशन टाइम ०.५१४ च येतो. जाळी बारीक करण्याआधी अनेक रिलॅक्सेशन टाइम असलेली पद्धत वापरून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं, आणि संगणकाचा वेळ कितीतरी वाचतो.

ब्राउनियन डायनॅमिक्समध्ये (द्रव न सोडवता कणांना रँडम उड्या देणारी पद्धत) फुटण्याचं कारण निराळं. विसरण ३.४ पट म्हणजे एका पायरीतली उडी सुमारे १.८ पट. गार अवस्थेत जेमतेम चालणारा टाइम स्टेप गरम अवस्थेत कणांना एकमेकांत घुसवतो, आणि ल्युब्रिकेशन बल (जवळ आलेल्या कणांमधल्या द्रवाच्या पातळ थराचा विरोध) फटीच्या व्यस्त प्रमाणात असल्याने पुढच्याच पायरीला सगळं उधळतं. गरम अवस्थेतल्या उडीवरून टाइम स्टेप ठरवा.

याहून धोकादायक दोष न फुटणारा आहे. कणांची चलनक्षमता (दिलेल्या बलाखाली मिळणारा वेग) जागेनुसार बदलत असेल, भिंतीजवळ कमी आणि मध्ये जास्त, तर रँडम उडीसोबत केटी गुणिले चलनक्षमतेचा उतार अशी एक भर घालावीच लागते. एर्माक आणि मॅककॅमन यांच्या १९७८ च्या पद्धतीत ती आहे. फिक्समन यांनी त्याच साली सुचवलेली मधल्या बिंदूची युक्ती उतार वेगळा न काढता तीच भर मिळवून देते. ती सुटली तर कण चलनक्षमता कमी असलेल्या जागी, म्हणजे भिंतीपाशी, हळूहळू जमतात. तापमानानुसार श्यानतेतला बदल धरला की चलनक्षमता आणि तिचा उतार दोन्ही वाढतात, जमाव लवकर होतो, आणि तो थर्मोफोरेसिस (तापमानातल्या फरकामुळे कणांचं सरकणं) म्हणून खपून जातो. ओळखायची खूण: शिअर शून्य, तापमान सगळीकडे सारखं, बाहेरचं बल नाही. तरीही कण भिंतीकडे सरकत असतील तर ही भर सुटली आहे.

जवळपास कोरड्या, दाट प्रवाहासाठी डीईएम (डिस्क्रीट एलिमेंट मेथड, कणांमधले स्पर्श मोजणारी पद्धत) जोडलं असेल तर आणखी एक गोष्ट. टाइम स्टेप मोठा मिळावा म्हणून कणांचा यंग गुणांक (कडकपणा) हजारपट कमी करण्याची पद्धत आहे. बलांच्या दृष्टीने ते बरंचसं खपतं. पण स्पर्शातून वाहणारी उष्णता स्पर्शवर्तुळाच्या त्रिज्येच्या प्रमाणात असते, आणि दोन गोलांच्या स्पर्शाबद्दलच्या हर्ट्झच्या नियमाने तेवढ्याच भाराखाली ती त्रिज्या दहापट होते. उष्णताही दहापट. स्पर्शक्षेत्राची दुरुस्ती चालू आहे का, ते तपासा.

सगळं तपासलं, तरीही श्यानता घसरतेच

मग ती खरी असण्याची शक्यता आहे. शिअर रेट तोच ठेवून तापमान वाढवलं की पेक्ले अंक (शिअरचा जोर भागिले कणांच्या विसरणाचा जोर) घटतो; २० ते ८० अंशांत ३.४ पटीने. त्यामुळे शिअर रेटवर काढलेले वक्र वेगळे दिसणारच. आडव्या अक्षावर पेक्ले अंक आणि उभ्या अक्षावर द्रवाच्या त्या तापमानाच्या श्यानतेने भागलेली श्यानता घ्या. सगळ्या तापमानांचे वक्र एकावर एक बसले तर कणांमधल्या बलांवर तापमानाचा वेगळा परिणाम नाही.

बसले नाहीत तर बलं किंवा कणच बदलत असणार. पीएनआयपीएएम या पॉलिमरचे जेलकण पाण्यात ३२ अंशांच्या आसपास आकसतात, त्यांचा व्हॉल्यूम फ्रॅक्शन धाडकन पडतो, आणि स्थिर त्रिज्या धरणाऱ्या सिम्युलेशनला ते कधीच दिसणार नाही. तिथे त्रिज्या तापमानावर अवलंबून ठेवा आणि कण आकसताना त्यातून बाहेर पडणारं पाणी हिशेबात घ्या.